सेल्फ मारला की नुसतं टिक्

गाडी बंद पडायचे प्रकार पुष्कळ आहेत. पंक्चर आहे, पेट्रोल संपणं आहे, इंजिन तापून वाफा सोडणं आहे. पण सगळ्यात जास्त डिवचणारा प्रकार कुठला विचाराल तर चावी फिरवली की डॅशबोर्डचे सगळे दिवे लागतात, एफएमवाली बाई छान गप्पा मारत असते, काचा खाली-वर होतात, हॉर्न पण वाजतो, आणि सेल्फ मारला की बॉनेटखालून नुसतं टिक्. परत मारला, परत टिक्. गाडी ठार मेलेली असती तर माणूस गपचूप रिक्षा करून गेला असता, पण ही धड मेलेली नाही धड जिवंत नाही, त्यामुळे आपण आशेवर चावी फिरवत बसतो आणि बॅटरीत जे काही उरलंय तेपण काढून घेतो.

आणि सोलापुरात हा कार्यक्रम एकट्यानं उरकायची सोय नाही. बॉनेट उघडलं की माणसं जमतात. जुळे सोलापूरच्या गल्लीत उघडा, सात रस्त्याला उघडा, नाहीतर होम मैदानाच्या कडेला उघडा. एकजण हात मागं बांधून वाकून बघतो, दुसरा "सेल्फ मारा बगू" म्हणतो, आणि तिसरा, ज्याच्याकडे आयुष्यात चारचाकी नव्हती, तो निकाल देऊन टाकतो, "बॅटरी गेलीय, बदलून टाका." मी बाई असल्यामुळे हा निकाल मला सांगत नाहीत, माझ्या शेजारी जो कोणी पुरुष उभा असेल त्याला सांगतात, मग तो माझा नवरा असो नाहीतर केळीवाला असो.

आता हा निकाल बऱ्याच वेळा बरोबर निघतो हेपण खरंय, म्हणून तर तो टिकून आहे. माझी तक्रार एवढीच की तो आवाज न ऐकता दिलेला असतो. गाडी काहीतरी सांगतेय, ते ऐकायच्या आधीच आपण दुकानात पोचलेलो असतो. आणि बॅटरीवाल्या दुकानात गेलात तर तो बॅटरीच विकणार, त्यात त्याचा काय दोष.

सेल्फ म्हणजे एक छोटी पण आडदांड मोटर. तिच्या पाठीवर एक डबा बसवलेला असतो तो सोलेनॉइड, आपल्याकडचे वायरमन त्याला नुसतं 'सेल्फचा स्विच' म्हणतात. चावी फिरवली की एका बारीक वायरीतून थोडासा करंट या सोलेनॉइडच्या गुंडाळीत जातो, तिचं चुंबक होतं आणि आतला लोखंडी दट्ट्या खेचला जातो. हा दट्ट्या एकाच वेळी दोन कामं करतो. एकीकडे बेंडिक्सचं दातेरी चाक पुढं ढकलून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जाड चाकाच्या दात्यांत अडकवतो, आणि दुसरीकडे तांब्याची एक चकती दोन जाड बोल्टांवर दाबून बॅटरीचा खरा मोठा करंट मोटरला जोडून देतो. आपल्याला जे टिक् किंवा ठक् ऐकू येतं तो हा दट्ट्या आपटल्याचा आवाज.

म्हणजे हा दट्ट्याचा आवाज आला यातच अर्धे संशयित सुटले. चावीचा स्विच बरा आहे, बारीक वायर बरी आहे, गुंडाळी शाबूत आहे. ऑटोमॅटिक गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये नसली, किंवा काही गाड्यांत क्लच पूर्ण दाबलेला नसला, तर हा आवाज मुळात येतच नाही. तेव्हा टिक् ऐकून वैतागायच्या आधी तो नेमका कसला टिक् आहे ते ऐकावं, एवढंच माझं म्हणणं.

कारण टिक् एका जातीचा नसतो. एक असतो टकटकटकटक, मशीनगन सुटल्यासारखा. इथं काय होतं की दट्ट्या खेचला जातो, मोटर जोडली जाते, मोटर भसकन करंट ओढते, तेवढा करंट द्यायची बॅटरीत ताकद नसते म्हणून व्होल्टेज बसतं, व्होल्टेज बसलं की गुंडाळीचं चुंबक सुटतं, दट्ट्या मागं येतो, मोटर तुटली की व्होल्टेज परत वर चढतं, की परत दट्ट्या पुढं. हे एका सेकंदात कितीतरी वेळा. दुसरा असतो एकच दणदणीत ठक्, आणि मग शांत. म्हणजे दट्ट्या गेला, जागेवर धरून पण बसला, म्हणजे गुंडाळीपुरतं व्होल्टेज आहे, पण मोटर फिरत नाहीये. आणि तिसरा अगदी बारीक टिक्, तो बॉनेटखालून येतच नाही, डॅशबोर्डच्या खालून किंवा फ्यूजच्या डब्यातून येतो. तो रिलेचा, म्हणजे चावी आणि सोलेनॉइडच्या मधल्या छोट्या विजेच्या स्विचचा. रिले बिचारा आपलं काम करतोय पण पुढे सेल्फपर्यंत काही पोचत नाहीये, तेव्हा सोलेनॉइडवरची ती बारीक वायर निसटलीय का, तिच्या पिनेला गंज चढलाय का ते बघायचं. दोघं असाल तर एकानं चावी फिरवायची आणि दुसऱ्यानं बॉनेटपाशी कान लावायचा, बाकी काही लागत नाही.

बॅटरीबद्दल थोडं सांगते, कारण शेवटी सगळे तिथंच येतात. शिसं आणि गंधकाम्लाची ही बॅटरी १८५९ मध्ये गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच माणसानं केली आणि आपल्या बॉनेटखाली मूळ कल्पना अजून तीच आहे. सहा सेल, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्ट, म्हणून बारा व्होल्टची म्हणतो ती पूर्ण भरलेली असताना १२.६ दाखवते. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी मीटर लावला आणि १२.४ दिसले तर पाऊण भरलीय, १२.२ म्हणजे अर्ध्यावर, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला पाहिजे, ते अल्टरनेटरचं, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचं काम. तेवढे दिसत नसतील तर नवी बॅटरी टाकून काही उपयोग नाही, ती पण काही दिवसांनी बसणार आणि मग आपण बॅटरीच्या कंपनीला शिव्या घालणार.

पण ह्या १२.६ च्या आकड्यावर लय विसंबू नये. तो बसल्या जागीचा आकडा आहे. म्हातारी बॅटरी नुसती बसलेली असताना १२.५ दाखवते आणि सेल्फ मारला की सहावर येऊन पडते. खरी परीक्षा सेल्फ मारतानाची, तेव्हा ९.६ च्या खाली जायला लागली तर समजायचं. दुकानात लोड टेस्टर असतो, बॅटरीवर भार टाकून तपासणारा, तो लावून दाखवा म्हणून सांगायचं. जो दुकानदार न लावताच "गेली" म्हणतो तिथून निघायचं.

थंडीत बॅटरी मरते असं इंटरनेटवर जिथं तिथं लिहिलेलं असतं. ते बर्फवाल्या देशांतलं. आपल्याकडं बॅटरीला उन्हाळा मारतो. मे महिन्यात इथं पारा ४४ ला जाऊन टेकतो, डांबर मऊ होतं, आणि त्या उन्हात दिवसभर मार्केट यार्डाबाहेर उभ्या गाडीच्या बॉनेटखाली काय होत असेल विचार करा. ढोबळ नियम असा सांगतात की बॅटरीचं तापमान कायमचं १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण अर्ध्यावर येतं. आतलं पाणी उडून जातं, प्लेटांच्या जाळ्या झिजतात. म्हणजे जखम मे मध्ये होते आणि गाडी अडते जानेवारीत, जेव्हा सकाळी इंजिनचं तेल घट्ट झालेलं असतं. वरून गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत सिद्धेश्वर मंदिर-होम मैदानाच्या आसपास राहणारे गाडी बाहेर काढतच नाहीत, आणि त्या उभ्या गाडीत डॅशकॅम, ट्रॅकर, बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टम थोडं थोडं पीत असतात. चांगल्या गाडीनं बंद असताना साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत ओढावं. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी तेवढ्यावर दोन-तीन आठवडे तग धरते. पण तेच ओढणं ३०० मिलिअँपिअर झालं तर दिवसाला सात अँपिअर-तास उडतात आणि तीन-चार दिवसांत कार्यक्रम आटोपतो. मागच्या सीटवरचा तो पाच वॅटचा छोटा दिवा चुकून चालू राहिला तर त्याहून आधी.

आणि ज्यांच्या बॅटरीला झाकणं आहेत त्यांनी डिस्टिल्ड वॉटरच घालावं. आपल्या बोअरचं पाणी घालणारे महाभाग मी बघितलेत. त्या पाण्यानं चहाच्या पातेल्याला पांढरा थर येतो, प्लेटांना काय सोडणार आहे.

आता आमच्या गाडीचं. पेट्रोलची जुनी हॅचबॅक, काही वर्षं झालीत. एप्रिल संपत आलेला, आप्पांना म्हणजे माझ्या सासऱ्यांना घेऊन तुळजापूरला जायचं, लवकर निघू म्हणजे ऊन लागणार नाही असा सगळा बेत. सगळे गाडीत बसले, डबे ठेवले, आणि टकटकटकटक. शेजारचे आले, निकाल आला. नवरा फोन काढून बॅटरीच्या किमती बघायला लागला. आता मघाशी मी जे सांगितलं त्याप्रमाणे टकटक म्हणजे बॅटरीच की. पण बॅटरी तशी फार जुनी नव्हती, म्हणून आप्पा म्हणाले थांबा, अण्णाला बोलवा.

अण्णा म्हणजे पूर्व भागातले एक ऑटो इलेक्ट्रिशियन. अशोक चौकाच्या बाजूला छोटं दुकान, दुकान म्हणजे पत्रा, एक व्हाईस लावलेलं टेबल आणि भिंतीला टांगलेले आर्मेचर, म्हणजे मोटरच्या आतले फिरणारे भाग. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, पार्टवाल्याशी हिंदी, आणि विजापूरकडचा कोणी आला तर कन्नड. सोलापुरात ह्याचं कोणाला काही वाटत नाही. अण्णा मोटरसायकलवर आले, मागं एक पोरगा आणि मध्ये जुन्या चादरीच्या पिशवीत हत्यारं.

आल्या आल्या त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी समोरच्या भिंतीकडं बघत हेडलाइट लावायला सांगितली. "आता सेल्फ मारा ताई." मारला. टकटकटक. "परत." टकटकटक. ते माझ्याकडं नाही, सेल्फकडं नाही, भिंतीवरच्या उजेडाकडं बघत होते. मग म्हणाले, "बॅटरीला काय झालं न्हाई. तिला कशाला बदलायलाव?" नवऱ्यानं मोबाइल खाली केला. अण्णा म्हणाले, "लाईट बगा की. सेल्फ मारताना लाईट बसली का? न्हाई बसली. मग बॅटरीतनं पुरता करंट गेलाच न्हाई. गेला असता तर बसली असती."

मला ते तेव्हा लगेच कळलं नाही, आणि कळल्यावर मात्र एवढं आवडलं की अजून डोक्यातून जात नाही. बॅटरी कमजोर असती तर मोटरनं ओढायला लागल्यावर तिचं व्होल्टेज कोसळलं असतं आणि हेडलाइट मिणमिणती झाली असती. टर्मिनल सैल असतं तर दिवा पुरता विझला असता. दिवा आहे तसा राहिला म्हणजे बॅटरीवर म्हणावा तसा भारच आला नाही. भार मधेच कुठंतरी अडतोय. आणि तरी टकटक का, तर सोलेनॉइडची अर्थ पण इंजिनच्या बॉडीतूनच जाते, तीच वाट अडलेली, त्यामुळे त्याला पण धरून बसायला पुरेसं मिळत नव्हतं. म्हणजे आवाज बॅटरीचा, दुखणं दुसरीकडंच. एका भिंतीवरच्या उजेडावरून एवढं.

मग बॉनेट उघडलं. टर्मिनलला हात लावून बघितला, गार होता. ज्या जोडावर करंट अडतो तो जोड गरम होतो, म्हणून सेल्फ दोन-चारदा मारून जोड चाचपायचे असतात. मग एक्सिलेटरच्या केबलला हात लावला आणि हसले. "ही बगा, गरम." मला वाटलं एक्सिलेटरचा काय संबंध. संबंध असा की इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, बॉडीला थेट लागत नाही, म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीला किंवा बॅटरीच्या मायनसला एक जाड पट्टी जोडलेली असते, तिला अर्थ म्हणतात. सेल्फला जेवढा करंट प्लसच्या वायरीतून जातो तेवढाच परत यायला लागतो, तो ह्या पट्टीतून. ती पट्टी खराब झाली की करंट दुसरी वाट शोधतो, आणि इंजिनला बॉडीशी जोडणारं दुसरं धातूचं काय असतं तर क्लचची नाहीतर एक्सिलेटरची केबल. कधीकधी त्या बिचाऱ्या केबल तापून त्यांचं प्लास्टिक वितळतं, आणि लोक केबलच बदलत बसतात.

खात्री करायला अण्णांनी मीटर काढला, वीस व्होल्ट डीसीवर ठेवला, एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर. दोन्ही मायनसच, त्यामुळे शून्य. सेल्फ मारायला लावला. तिथं फार तर अर्धा व्होल्ट दिसायला पाहिजे, काटेकोर लोक ०.२ म्हणतात. आमच्या मीटरवर आकडे नाचत नाचत तीनच्या वर जात होते. म्हणजे बारातले तीन व्होल्ट नुसते परतीच्या वाटेवर खर्च होत होते. मग शेवटचं, जंप केबल म्हणजे दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडायची जाड वायर, तिच्या काळ्या वायरीचं एक टोक मायनसला, दुसरं थेट इंजिनला. "मारा." आणि गाडी चालू. लगेच. आप्पांनी डबे परत मांडीवर घेतले.

घाई नको म्हणून गाडी आधी दुकानावर नेऊन ती पट्टी काढली. वरून बरी दिसत होती, पण टोकाच्या लगच्या, म्हणजे बोल्टाखाली बसणाऱ्या कडीच्या आत तांबं हिरवं होऊन कुजलेलं, बोल्टाखाली गंज आणि तेलाचा चिखल. पोरानं वायर ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं ती जागा चकाकेपर्यंत घासली, अण्णांनी वेल्डिंगच्या जाड केबलचा तुकडा घेऊन नवे लग दाबून बसवले, बोल्ट आवळला, वरून ग्रीस. नव्या बॅटरीच्या पैशात असल्या पट्ट्या आयुष्यभर पुरल्या असत्या. तुळजापूरला पोचेपर्यंत ऊन मात्र व्हायचं तेवढं झालं.

हे तीन व्होल्ट येतात कुठून ते मी नंतर कागदावर करून बघितलं, शाळेतला ओहमचा नियम, बाकी काही नाही. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ साधारण एक किलोवॅटच्या आसपासचा असतो, म्हणजे फिरताना शंभर-दीडशे अँपिअर सहज, आणि सुरुवातीच्या झटक्याला त्याच्या दुप्पट-तिप्पट. डिझेलला अजून जास्त. आता जोडावर गंजामुळे नुसता ०.०२ ओहम रोध आला, तर १५० गुणिले ०.०२, झाले तीन व्होल्ट. तोच जोड रेडिओच्या वाटेत असता तर रेडिओ एक-दोन अँपिअर घेतो, तिथं ह्या रोधानं ०.०२ नाहीतर ०.०४ व्होल्ट खाल्ले असते, कोणाच्या बापाला कळलं नसतं. म्हणून "दिवे लागतायत, हॉर्न वाजतोय, मग वायरिंग ठीकच असणार" हे म्हणणं सेल्फच्या बाबतीत खोटं आहे. आणि मीटर बीपवर लावून "बीप वाजली, वायर चांगली" हेपण खोटं, कारण साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोधच ह्यापेक्षा जास्त असतो, तो ०.०२ काय मोजणार. आपल्या बोअरच्या पाण्यानं क्षार धरलेल्या पाइपाचं असंच असतं, बेसिनचा नळ थोडा सोडला तर धार मस्त दिसते आणि पुरता उघडला की बादली भरता भरत नाही. जोड कसा आहे हे करंट वाहत असतानाच कळतं, बसून नाही.

म्हणून घरच्या घरी काही करायचं असेल तर टर्मिनलपासून सुरुवात करावी. दहाचा पाना घ्यायचा, आधी मायनस काढायचं मग प्लस, आणि लावताना आधी प्लस, शेवटी मायनस. हा क्रम उगाच नाही, मायनस जोडलेलं असताना प्लसवरचा पाना चुकून बॉडीला लागला की ठिणग्या उडतात आणि पाना चिकटून लालभडक होऊ शकतो. पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ओतायचा, फसफसतो, थांबला की पुसायचं, सेलच्या आत जाऊ द्यायचा नाही. खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरनं घासायची, आवळायचं, वरून व्हॅसलीन. क्लॅम्प हातानं हलवून हलत असेल तर तोच आजार.

एकच ठक् वाला प्रकार माझ्या दिराकडं झाला. डिझेल गाडी, पंढरपूरहून पुणे रोडला येऊन चहाला थांबला, परत बसला तर ठक्. हेडलाइट ढिम्म हलली नाही. अर्ध्या तासानं गाडी निवली आणि पहिल्या सेल्फला चालू. मग हे वरचेवर व्हायला लागलं, गरम असली की अडणार, गार झाली की चालणार. कोणीतरी त्याला सांगितलं की टॉमीनं, म्हणजे चाक काढायच्या लोखंडी दांड्यानं सेल्फच्या बॉडीवर ठोका मार, आणि तो मारला की खरंच चालू व्हायची. ही जादू खरी आहे. मोटरच्या आत कार्बन असतात, आर्मेचरला करंट पोचवणारे छोटे ठोकळे, झिजून आखूड झाले की आर्मेचरला धड टेकत नाहीत, ठोक्यानं हलून टेकतात. किंवा ती तांब्याची चकती आणि बोल्ट जळून काळे पडलेले असतात, त्यांचं पण तसंच. गरम असताना गुंडाळीचा रोध वाढतो, त्यामुळे जे गार असताना कसंबसं चालतं ते गरमीत अडतं. पण म्हणून टॉमी सीटखाली ठेवून पावसाळा काढायचा हे काही मला पटलं नाही, त्याला पटलं. शेवटी अण्णांनीच सेल्फ उतरवला. कार्बन जवळपास संपलेले, आर्मेचरचा दांडा ज्यात फिरतो ते बुश ढिले, चकतीवर खड्डे. नवे कार्बन, नवे बुश, आर्मेचर पॉलिश, आणि तांब्याच्या बोल्टची खाल्लेली बाजू फिरवून घेतली, नवा सेल्फ घ्यायची वेळ आली नाही. असली कामं करणारे हात आता कमी होत चाललेत, नव्या पोरांना अख्खा सेट बदलायला सोपं जातं आणि गिऱ्हाइकाला पण तेवढा वेळ थांबायचं नसतं.

एक ठक् असा पण असतो ज्याच्यात टॉमी, जंप, धक्का काहीच करायचं नाही. पावसात भरलेल्या पाण्यातून गाडी घातली, बंद पडली, आणि आता सेल्फ मारला की ठक् होऊन जागीच अडते. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं, पाणी दबत नाही, जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथं चावी काढायची आणि टो करायची.

जंप देताना लाल टोकं दोन्ही बॅटरींच्या प्लसला, काळं चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं काळं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीवर नाही, कारण शेवटच्या टोकाला ठिणगी उडते आणि बॅटरीपाशी हायड्रोजन असू शकतो. पाच मिनिटं दुसरी गाडी चालू ठेवून मग सेल्फ मारायचा. आमची गाडी सांगते तशी, शेवटचं काळं इंजिनला लावल्यामुळे अर्थचं दुखणं असेल तर तेपण त्याच वेळी झाकलं जातं, गाडी चालू होते आणि सगळे म्हणतात बघा, बॅटरीच होती. धक्का स्टार्टला सेकंड गिअर बरा, पण बॅटरी अगदीच मेलेली असेल तर आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांचा कॉम्प्युटरच उठत नाही, कितीही ढकला. ऑटोमॅटिकवाल्यांनी तर ढकलायचा विचार सोडून द्यावा.

आप्पांना ह्या सगळ्याचं हसू येतं. त्यांच्या उमेदीत अॅम्बॅसेडरला पुढून हँडल मारायची सोय होती, बॅटरी बसली तरी माणसाचा दंड होता. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, विळखा घालायचा नाही, कारण इंजिननं उलटा झटका दिला तर अंगठा नाहीतर मनगट जायचं. ह्या झटक्यांनी जगभर हात मोडलेत, आणि त्यावर तोडगा निघाला तो गल्ल्याच्या मशीनमधून. अमेरिकेत डेटन शहरात चार्ल्स केटरिंग नावाचा इंजिनिअर आधी कॅश रजिस्टरच्या कंपनीत होता, तिथं त्यानं गल्ला विजेवर उघडणारी मोटर केली होती. मोटरला सतत काम करायचं नसेल, क्षणभरच जोर लावायचा असेल, तर लहान मोटरवर भरपूर भार टाकता येतो, हे त्याला तिथं कळलेलं. तेच त्यानं इंजिनला लावलं आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा सेल्फ आला. म्हणूनच सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये म्हणतात, तो क्षणभरासाठीच बनवलेला आहे, त्याच्यापुढे तो फक्त तापतो. हँडलचं भोक पुढच्या गाड्यांतून गेलं, आणि आता आपण त्या एका टिक् च्या हवाली.

ह्या प्रकारामुळे नातेवाइकांत माझं नाव झालंय, उगाच. गाडी सुरू होईना म्हणून फोन आला की मी पहिल्यांदा विचारते, आवाज कसा येतो ते तोंडानं करून दाखव. मोठमोठी माणसं, बँकेत साहेब असलेली, फोनवर टकटकटक करून दाखवतात. मग विचारते हेडलाइट बसते का. परवा शेळगीहून भाचीचा नवरा म्हणाला, बसते, पार मंद होते, आणि टर्मिनलवर पांढरं आलंय. त्याला सांगितलं आधी सोड्यानं धू, घास, आवळ, मग बॅटरी काढून रात्रभर चार्जिंगला दे, आणि लोड टेस्ट झाल्याशिवाय खिशात हात घालू नको. त्याचा अजून फोन नाही, म्हणजे एक तर गाडी सुरू झाली नाहीतर गडी नवी बॅटरी घेऊन आला आणि आता सांगायला लाजतोय.